झाकणावरचं निळं टिंब

हार्लन,

तुझ्या बाटल्या माझ्याकडे आल्या आहेत. तुझ्या भाचीने त्या एकेक करून उतरवल्या नाहीत. तळघराच्या छताला ठोकलेली फळीच तिने करवतीने कापली आणि झाकणांसकट, बाटल्यांसकट माझ्या गाडीत आणून टाकली. पोरगी कामाची आहे, पण विचारायची सवय नाही, तुझ्यासारखीच. आता ती फळी माझ्या धुण्याच्या यंत्रावर टांगली आहे. लोक येतात. कुणाच्या बंदुकीची कमान गेलेली असते, कुणाचा स्क्रू गवतात हरवलेला असतो. मी म्हणते, घ्या. ते वर बघतात आणि राखाडी टिंब दिसलं की हात मागे घेतात. आत काय आहे ते मला माहीत आहे आणि तुला माहीत होतं. बाकी कुणाला पटत नाही. या खोऱ्यात तुझं म्हणून एकच होतं : हार्लन झर्बीने हात लावलेली बंदूक फुसकी जात नाही, हा लोकांचा शब्द. तो परत मिळायला किती थोडं राहिलं होतं, ते तू जाणतोस.

व्हर्डा

हे पत्र व्हर्डा स्नूकने किराणाच्या कागदी पिशवीवर लिहिलं आणि धुण्याच्या साबणाखाली दाबून ठेवलं. टपालात टाकायचा प्रश्नच नव्हता. हार्लनला जाऊन दोन महिने उलटून गेले होते.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ खोऱ्यात हिवाळ्यात घरोघरी बंदुका तयार होतात. नळी विकत आणायची, मेपलचं लाकूड स्वतः तासून दस्ता करायचा आणि उरलेलं सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवायचं. त्याही साध्या बंदुका नव्हेत, चकमकीच्या, गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पाडणाऱ्या. पणजोबांच्या काळात असत तशा. कारण नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणांचा जो शेवटचा हंगाम उघडतो, त्यात कायद्याने दुसरी बंदूक चालत नाही. माणसं नोव्हेंबरात मोठ्या हौसेने ती जुळवतात, अंगणात बार काढून बघतात, आणि डिसेंबर उजाडला की तीच माणसं बंदूक घोंगडीत गुंडाळून हार्लनच्या तळघराची पायरी उतरतात. बार उडत नाही म्हणून.

हार्लन तसा कुणी मोठा कारागीर नव्हता. चुनखडीच्या खाणीत जन्म काढलेला, बिनलग्नाचा, उंच आणि जरा पुढे झुकलेला माणूस. पायऱ्या उतरणाऱ्याला तो आधी बसवायचा, बिटात मुरवलेलं लालभडक अंडं पुढे करायचा आणि मग विचारायचा, काय काय बदललंस? समोरचा अभिमानाने सांगायचा की गारगोटी बदलली, दारू बदलली, नळीचा कान, म्हणजे ठिणगी आत जायचं भोक, साफ केला, स्क्रू आवळला. हार्लन ते सगळं पुन्हा उलटं करायला लावायचा. त्याचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बार काढून बघायचं. चार गोष्टी एकदम बदलून बंदूक सुरू झाली, तर दोष कुठे होता ते कळत नाही, आणि न कळलेला दोष परत येतो. लोक वैतागायचे. पण जायचे कुठे?

बदलायला लागणारं सगळं त्याच्या डोक्यावर टांगलेलं असे. लहान मुलांच्या खिमटाच्या त्या काचेच्या छोट्या बाटल्या असतात ना, त्यांची झाकणं त्याने छताच्या फळीला ठोकली होती. बाटली पिळली की हातात येई, पिळली की परत वर जाई. एकीत कमानी, एकीत चापाचे तुकडे, एकीत फक्त मसुराएवढे स्क्रू. त्यातल्या निम्म्या बाटल्या व्हर्डाच्या मुलांनी चाटून रिकाम्या केलेल्या. कमानी हार्लन स्वतः बनवायचा. आणि कुठलाही सुटा भाग असो, आधी स्वतःच्या बंदुकीत बसवून, बार काढून बघितल्याशिवाय बाटलीत जात नसे. बघून झालं की झाकणाच्या कडेला निळ्या रंगाचं एक टिंब. निळं टिंब म्हणजे हार्लनने बघितलंय. त्यापुढे कुणी काही विचारत नसे.

व्हर्डा त्याच्याच वर्गातली. ती पुढे कॉलेजात गेली, परत येऊन गावच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला लागली आणि अर्ध्या खोऱ्याला तिने नापास केलं. म्हणून हार्लन तिला मास्तरीणबाई म्हणे, तोंडावरच. तिचा नवरा वेंडेल गेला तेव्हा जेवणाच्या टेबलावर अर्धी बंदूक ठेवून गेला होता. व्हर्डाने ती एक हिवाळा तशीच ठेवली, तिच्या कडेला ताट मांडून जेवली. दुसऱ्या हिवाळ्यात तिला कंटाळा आला. एक तर ही वस्तू पुरी होऊ दे नाहीतर चुलीत जाऊ दे, असं म्हणून ती स्वतःच तासायला बसली. दस्ता तिने ठीक केला. कुलूप हार्लनने बसवून दिलं, म्हणजे घोडा, चाप, पोलादाची पट्टी आणि या सगळ्याला जोर देणारी कमान. कमान त्याने त्याच उन्हाळ्यात बनवलेली होती. हंगाम उघडेल त्या सकाळी वेंडेलच्या जागी, ओढ्यावरच्या त्या मोठ्या खडकापाशी जाऊन बसायचं, एवढाच तिचा विचार होता. हरीण आलं तर आलं.

बंदूक हार्लनच्या अंगणात सुरेख चालली. आठवड्याने व्हर्डाच्या गोठ्यामागे ती फुसकी गेली.

तिने नियमाप्रमाणे गारगोटी बदलली. नाही. गारगोटीखालचं चामडं बदललं. नाही. रंजक, म्हणजे कानापाशी टाकायची बारीक दारू, नवी घेतली, कान पिसाने साफ केला. बार कधी उडायचा, कधी नाही. हार्लनने बाटलीतली दुसरी कमान काढून दिली, तशी बंदूक पुन्हा शहाणी झाली, आणि चार दिवसांत पुन्हा तेच. तिसरी कमान, तीच गत. हार्लन म्हणाला, दोष हातात असेल. व्हर्डाने त्याला त्या हाताने काय करता येतं ते थोडक्यात सांगितलं.

मग एक दिवस बार उशिरा उडाला. तिने चाप ओढला, घोडा पडला, रंजक भुरभुरली आणि काहीच झालं नाही. फुसका समजून बंदूक खाली करायची, ही कुणाचीही पहिली ओढ. व्हर्डा शिस्तीची म्हणून तशीच नेम धरून उभी राहिली, आणि एका श्वासानंतर नळी गरजली. गोठ्यातल्या शेळ्या दावणीला हिसके देऊ लागल्या. व्हर्डाने बंदूक कुंपणाला टेकवली. बंदूक खाली केली असती तर बार तिच्या पायात गेला असता. शेजारी कुणी असतं तर त्याच्या पोटात.

त्याच दुपारी ती तळघरात उतरली. हार्लन बाकावर बसून कुणाचा तरी स्क्रू घासत होता. काय झालं ते तिने सांगितलं. तो उठला आणि त्याने नवी कमान काढायला हात वर केला. व्हर्डाची नजर त्या हातामागून वर गेली. इतकी वर्षं ती त्या फळीखाली बसली होती, पण झाकणांकडे निरखून कोण बघतं?

"ही राखाडी टिंबं कशाची?" तिने विचारलं.

"कसली राखाडी?"

"ही काय. खिडकीकडच्या रांगेतली. निळी म्हणजे बघितलेली. मग राखाडी म्हणजे?"

"निळीच आहेत ती," हार्लन म्हणाला. "सगळी निळीच आहेत. मीच लावलीत."

व्हर्डाने उठून दिवा लावला. एका बाजूची टिंबं नीलपक्ष्याच्या पाठीसारखी, दुसऱ्या बाजूची उंदरासारखी. बाकाखालच्या फडताळात रंगाचे दोन डबे शेजारी शेजारी होते. निळा वाळून दगड झाला होता. उघडा होता तो राखाडी.

"हार्लन, माझा स्वेटर कुठल्या रंगाचा आहे?"

त्याने बघितलं. वेळ घेऊन बघितलं. "मळका," तो म्हणाला.

"निळा आहे. तुझ्या बहिणीनेच विणलाय."

आपण शाळेत असतो तर या ठिकाणी आपण फळ्याकडे वळून पुढचं स्वतःच लिहून टाकलं असतं, हे व्हर्डाला माहीत होतं. तिने जीभ दाताखाली धरली. तिच्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नव्हतं.

हार्लनने कानस खाली ठेवली. कमान कशी बनते ते तिने त्याला करताना शंभरदा पाहिलं होतं. पोलाद तापवून कडक करायचं, मग हळूहळू पुन्हा शेकायचं. शेकताना त्यावर रंग चढत जातात, पिवळा, तपकिरी, जांभळा, आणि निळा आला की त्या क्षणी थांबायचं. निळ्याच्या आधी थांबलं तर कमान मोडते, पुढे गेलं की नरम पडते. चार दिवस जोर धरते, मग वाकून राहते, गारगोटी पट्टीवर आपटायची ती नुसती टेकते. गेली दोनेक वर्षं हार्लन कुरकुरत होता की आता पोलादच पहिल्यासारखं येत नाही, निळा यायला किती वेळ लावतं.

"मग कमानी," तो म्हणाला.

"हो."

"माझी पाहणीही खोटी. बनवल्याच्या दिवशी बार निघणारच."

"हो."

तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला. नरम कमानी कुणाकुणाकडे गेल्या ते त्याला आठवावं लागलं नाही. नाताळ तोंडावर होता आणि ही सगळी माणसं जंगलात जोडीजोडीने जातात. व्हर्डा म्हणाली की ती रात्री सगळ्यांना फोन करील. हार्लन नाही म्हणाला. "दोष माझ्या डोळ्यांचा, आणि सांगणार तू?" तो म्हणाला. "गाडी तेवढी तू चालव."

राखाडी टिंबांतल्या कमानी त्याने भंगारात ओतल्या, निळ्या टिंबाच्या बाटल्यांतल्या जुन्या कमानी एका मोज्यात भरल्या आणि ते निघाले. पहिलं घर लमार कून्सचं. लमार गाईंच्या मागे होता, दूध काढायची वेळ. हार्लनने गोठ्याच्या दारातच, टोपी हातात घेऊन, काय ते सरळ सांगितलं. मला निळा दिसत नाही, तुझी कमान नरम आहे, बार उशिरा उडेल आणि कुणीतरी मरेल, म्हणून ती काढून घ्यायला आलोय.

लमारने यंत्र बंद केलं. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला, "मी बायकोला सांगतोय, नेम चुकतो तो हार्लनमुळे. ती हसते. आता हेच तू आत जाऊन तिला सांग, मग कमान ने." मग व्हर्डाकडे वळून तो अदबीने म्हणाला, "स्नूकबाई, तुम्हीपण चला. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला खरं वाटेल. मला तुम्ही नापास केलं होतं ते तिला माहीत आहे."

आत पॉट-पाय, म्हणजे मांसाच्या रश्शात कणकेच्या चकत्या, शिजत होता. खाल्ल्याशिवाय कुणी सोडलं नाही.

सगळी घरं तशी नव्हती. एके ठिकाणी बाईने कमान बदलू दिली, नुसतंच हं म्हणाली आणि दार लावून घेतलं. पुलापलीकडचा एनॉस हर्बस्टर, ज्याच्या बापाच्या बंदुकीचं कामही हार्लननेच केलं होतं, त्याने सगळं शांतपणे ऐकलं, कुलूप उघडू दिलं, नवी कमान बसवू दिली आणि आभार मानले. मग म्हणाला, "पुढच्या वेळेपासून मी कॅटलॉगमधून मागवीन, हार्लन. वाईट वाटून घेऊ नकोस."

"बरोबर आहे तुझं," हार्लन म्हणाला.

गाडीत तो मोजा मांडीवर घेऊन बसला होता. व्हर्डाला एनॉसबद्दल काही तिखट बोलायचं होतं, पण तिला ते सुचेपर्यंत हार्लन म्हणाला की एनॉसच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.

मोजा संपला तेव्हा एकच बंदूक उरली, व्हर्डाची. हार्लनने खुंटीवरची स्वतःची बंदूक खाली घेतली, तिच्यातली जुनी कमान काढली आणि व्हर्डाच्या कुलपात बसवली. ती नको म्हणाली. तो म्हणाला, "स्वेटरचा रंग ओळखता येत नाही त्याने जंगलात जाऊन काय मारावं? एनॉसची म्हैस?"

"एनॉसकडे म्हैस नाही."

"तेच म्हणतोय मी."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी व्हर्डा खडकापाशी बसली. गोठलेल्या ओढ्याच्या पलीकडून एक मादी आणि तिचं पाडस गेलं. तिने बंदूक उचलली नाही. संध्याकाळी कुंपणाजवळ येऊन बार रिकामा केला, तो चाप ओढताक्षणी उडाला. एवढं पुरे होतं. त्या हंगामात खोऱ्यात एकही बार उशिरा उडाला नाही, पण हार्लनच्या तळघराकडे येणाऱ्या पायऱ्यांवरचं बर्फ कुणी तुडवलंही नाही. राखाडी टिंबाचं काही घेऊ नका, हे अग्निशमन दलाच्या हॉलपासून चर्चच्या पायऱ्यांपर्यंत पोचलं होतं. हार्लनने स्वतःच पोचवलं होतं.

नव्या वर्षाचं डुकराचं मांस आणि आंबट कोबी खाऊन झाल्यावर व्हर्डा एका सकाळी येऊन म्हणाली, बाटल्या रिकाम्या ठेवायच्या की भरायच्या? माझे डोळे शाबूत आहेत. शेगडीपाशी मी उभी राहते, निळा आला की सांगते, तू काढ. हार्लनने तिच्याकडे संशयाने पाहिलं, पण शेगडी पेटवली.

पहिली कमान वाकवताच काडीसारखी मोडली. दुसरीही. तिसरी मोडल्यावर हार्लनने तुकडा खिडकीत धरला, त्याचा त्यालाच उपयोग नव्हता, आणि म्हणाला, "रंग कुठला होता, मास्तरीणबाई?"

"निळा."

"जांभळा नव्हता?"

व्हर्डाने मोडका तुकडा त्याच्या हातातून घेतला. जांभळाच होता. निळा येणार हे दिसायला लागलं की तिच्याने थांबवत नव्हतं. वर्गातही ती मुलांची वाक्यं अशीच पुरी करत असे.

"तू घाई करतेस," हार्लन म्हणाला. "मी उशीर करतो. दोघांचं मिळून एक धड माणूस होईल असं बघ."

ते फेब्रुवारीपर्यंत जमलं. ती शेगडीवर वाकून हात मागे बांधून उभी राही, तो चिमटा धरून विचारी, आला? ती म्हणे, येतोय. आला? थांब. आता. कमानी जुळल्या. या वेळी हार्लनने पाहणीची पद्धतही बदलली. कमान बसवायची, बार काढायचे, मग ती ताणलेलीच ठेवून बरेच दिवस विसरून जायची आणि पुन्हा बार काढायचे. ज्या टिकल्या त्या रिकाम्या बाटल्यांत गेल्या. बाटल्या त्याच, खिडकीकडच्या. झाकणंही तीच, फळीला ठोकलेली. त्यांच्या कडेला टिंबं राखाडी.

एप्रिलमध्ये व्हर्डाने त्याला डॅनव्हिलच्या इस्पितळात नेऊन एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून आणला. तो आधी नाहीच म्हणत होता. तिने गाडी सुरू करून भोंगा वाजवत ठेवला, तेव्हा बाहेर आला. पट्टी निघाल्यावर तो तळघरात गेला, फळीखाली उभा राहिला आणि एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, वर बघत राहिला. नव्या डोळ्याने दोन रांगा दोन रंगांच्या, जुन्या डोळ्याने दोन्ही एकाच. त्याला हसू आवरेना.

"उंदीर आहेत नुसते," तो म्हणाला. "आणि मी हे लोकांना दाखवत होतो."

मग तो म्हणाला की ही आता खरवडून निळी करायला हवीत. आत चांगला माल आहे आणि लोक येतील तेव्हा टिंब बघतील, आत बघणार नाहीत. एनॉसही येईल, कॅटलॉगची कमान काय टिकते ते आपल्याला माहीत आहे. त्याचा निळा डबा तर दगड झालेला. व्हर्डा दर गुरुवारी मिफ्लिनबर्गला जाते, तिने हार्डवेअरच्या दुकानातून लहानातला लहान एक डबा आणावा. टिंबं तो लावील.

"मीच लावते की," व्हर्डा म्हणाली. "पाच मिनिटांचं काम."

"बंदुकीत बसवून कुणी बघितलं?"

"तू."

"मग टिंब कुणाचं?"

त्या गुरुवारी ती दुकानात गेली. गल्ल्यावर एकच मुलगा होता आणि तिच्या पुढचा माणूस किल्लीची नक्कल करून घेत होता. एक किल्ली झाली, त्याने दुसरी काढली. तिसरी काढली तेव्हा व्हर्डाने निळा डबा फळीवर परत ठेवला आणि बाहेर पडली. रांगेत उभं राहणं तिला कधीच जमलं नाही. पुढच्या गुरुवारी पाऊस होता. त्यानंतर ओहायोतल्या मुलीचं बाळंतपण निघालं, ती जूनभर तिकडे. परत आल्यावर बागेतले बीन्स, मग मका, मग मुरांब्यांची भांडी. हार्लन कुंपणाशी आला की विचारी, निळा आणलास? ती म्हणे, नाही. तो म्हणे, बरं. पुढे पुढे तो नमस्कारासारखंच ते म्हणू लागला, उत्तराची वाटही न बघता. हंगामाला अवकाश होता. दुसरा डोळा ऑक्टोबरात करायचा ठरला होता.

सप्टेंबरात गवत कापताना तो गेला. यंत्र आपोआप बंद पडलं होतं, म्हणून शेजाऱ्यांना जरा उशिराच कळलं.

आता डिसेंबर उजाडतो आहे आणि लोक व्हर्डाच्या दारात घोंगड्या घेऊन उभे राहतात. परवा एनॉस हर्बस्टर आला होता. कॅटलॉगची कमान मोडली होती. व्हर्डाने त्याला बिटातलं अंडं दिलं, काय काय बदललंस ते विचारलं आणि फळीखाली नेलं. त्याने मान वर केली, राखाडी टिंबांची रांग पाहिली आणि ओशाळून म्हणाला की राहू दे बाई, मी दुसरी मागवतो. या नव्या आहेत, माझ्यादेखत झाल्यात, हार्लनने बघितल्यात, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, हो, हो, पण टिंब तर तेच आहे.

गुरुवारी ती मिफ्लिनबर्गला जाते. हार्डवेअरच्या दुकानात आता गल्ल्यावर दोन मुलं असतात, रांग नसते. ती काचेतून बघते आणि पुढे जाते. डबा तिने आणायचा आणि टिंब त्याने लावायचं, असं ठरलं होतं.